अकोल्यात एक उन्हाळा काढायचा असन तं

अकोल्यात राहाले येत असान तं पहिले हे ऐकून घ्या. अर्धा मार्च गेला का दुपारी नळाची तोटी उघडून तिच्याखाली हात धरू नका. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते, अन् दोन वाजता तोटीतून चहाचं आदण येते. सकाळी सहाच्या आत दोन बादल्या भरून न्हाणीत झाकून ठेवायच्या, दिवसभर त्याच पुरवायच्या. चपला दाराबाहेर सोडायच्या नाईत. सोडल्या तं घालताना पाय असा उचलला जाते का बघणाऱ्याले वाटते पोट्टा नाचून राहिला. गाडी झाडाखाली लावली म्हणून खुश होऊ नका, सावली सरकते, तुमची गाडी तठीच राह्यते. सीटवर ओलं फडकं टाकून मंगच बसायचं. बारा ते पाच बाजारात जायचं नाई. दुकानदारच अर्धं शटर खाली करून आत पंख्याखाली पडेल असते, तुमाले कोण विचारते? जायचंच असन तं डोकं, कान, नाक सगळं दुपट्ट्यानं बांधायचं, अन् निघायच्या आधी तांब्याभर पाणी पोटात. खिशात कांदा ठेवला तं बरं. कांद्यानं काई होत नाई, पण घरून फोन आला का माय पहिले कांद्याचंच विचारते.

हे सगळं मले पाठ आहे. एका माणसाले मी हे दोन-अडीच महिने रोज शिकवलं. ते माणूस म्हणजे माझी वयनी. ती आता अकोल्यात नाई. म्हणून माझं किती ऐकायचं ते तुमचं तुमी ठरवा.

आमी मुळचे भातकुलीचे. बाबा मास्तर, रिटायर झाल्यावर अमरावतीले घर बांधून राह्यले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते. आठ वर्षं त्यानं तासावर काढली, म्हणजे जेवढे तास शिकवान तेवढेच पैसे, अन् सुट्ट्या लागल्या का तेही बंद. नवव्या वर्षी पक्का झाला. पक्का झाल्याबरोबर लग्न ठरलं. मी तवा अकोल्यातच मोबाईलच्या दुकानात कामाले लागलो होतो, दादाजवळच राहत होतो. दोन खोल्या, एक गच्ची, खाली घरमालकाचं बिऱ्हाड.

मुलगी सांगलीकडची. नदीकाठचं गाव. तिचे वडील लग्न ठरवाले अकोल्याले आले तं एप्रिलचा शेवट होता, अन् ते बिचारे स्टेशनातून घरी येईपर्यंत अर्धे झाले. पंख्याखाली बसून त्यांनी तीन तांबे पाणी पेलं. चवथा तांब्या तोंडाले लावून म्हणे, "पाण्याला चव वेगळी हाय."

माय-बाबा बी त्यासाठी अमरावतीहून आले होते. बाबा म्हणे, "खारपाणपट्टा आहे आमचा. जमिनीतलंच खारट. हे नळाचं आहे, हे गोड म्हणायचं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माणूस सरळ होता. सगळ्यांसमोर दादाले म्हणाला, "जावईबापू, तुमच्यात खोट काढायला जागा नाही. पण माझी पोरगी घागरीनं नाही, नदीनं वाढलीया. एक उन्हाळा तिला काढून बघू दे. मृगापर्यंत. नाहीच सोसलं तर तुम्ही तिला जबरदस्ती करायची नाही."

दादा म्हणे, "नाई सोसलं तं मी तिकडं येईन. नोकरी सोडून."

हे म्हणताना दादानं माझ्याकडं पाह्यलं नाई, बाबांकडं पाह्यलं नाई. आठ वर्षं तासावर काढून भेटलेली पक्की नोकरी कोणी बी अशी एका वाक्यात सोडत नाई. माय स्वयंपाकघरातून ऐकून राहिली होती, तिच्या हातातली चाळणी पडली. पण बोलणं झालं ते झालं. लग्न पुढच्या फेब्रुवारीत लागलं, अन् तिचा उन्हाळा सुरू झाला.

दादा मले पहिल्याच आठवड्यात बाजूले घेऊन म्हणे, "मी दिवसभर कॉलेजात. तू दुपारी जेवाले येतो. तिले सगळं समजावून सांगत जा. तुले बोलणं जमते."

मले बोलणं जमते हे खरं होतं. शाळेत असल्यापासून मी लोकांचे आवाज काढतो. हेडमास्तरचा काढला म्हणून छड्या खाल्ल्या, अन् त्याच हेडमास्तरनं गॅदरिंगमध्ये स्टेजवर बोलावून परत काढाले लावला. तं मी वयनीले अकोला शिकवला तो असा, आवाजांमध्ये. एसटीचा कंडक्टर, डाळीचा दलाल, खालचा घरमालक, टँकरवाला. प्रत्येकाच्या तोंडून एकेक गोष्ट.

दुसऱ्याच दिवशीचं सांगतो. तिनं विचारलं, "भाऊजी, हितं पाणी कधी येतं?"

"नळाले?"

"हो."

"मंगळवारी."

"तसं नाही, किती वाजता?"

"वयनी, आज गुरुवार आहे."

तिले वाटलं मी थट्टा करून राहिलो. मंग मी घरमालकाचा आवाज लावला. तो नाकात बोलते अन् दर वाक्याले खाकरते. "हां, पोरी, ऐक. नळ सहाव्या दिवशी. आला तं पहाटे, नाई तं भर दुपारी, नाई तं येतच नाई. व्हॉल्व फिरवणाऱ्याचा मूड. पण आला का आधी प्यायचं, मंग टाकी, मंग कूलर, मंग कपडे. ऑर्डर मोडायची नाई. मी माझ्या बायकोले तीस वर्षं झाले हेच सांगून राहिलो."

वयनी पदर तोंडाले लावून हसली. घरात आल्यापासून पहिल्यांदा. मले लय बरं वाटलं. मंग मी रोजचं चालू केलं.

डाळीच्या दलालाच्या आवाजात मी तिले बाजार शिकवला. अकोल्याचा बाजार म्हणजे सगळ्या मुलखाची बोली. वर मध्य प्रदेशची हद्द, तिकडून ट्रक येतात, खालून तेलंगणातले व्यापारी येतात, मारवाडी, गुजराती, कच्छी, सगळे एकाच दुकानात चार भाषांमध्ये भाव करते. मी तिले सांगतलं का अठी शुद्ध मराठी बोलली तं भाव वाढते. हिंदीत सुरू करायचं, मधात मराठीत यायचं, अन् उठून जाताना परत हिंदीत म्हणायचं, "चलो भैया, रहने दो." चार पावलं गेलं का तो बोलावते. वयनीनं चटईवर बसून हे तीनदा करून पाह्यलं. तिचं "रहने दो" असं होतं का वाटे ती दुकानदाराले जेवाले वाढून राहिली.

कूलरचं बी शिकवलं. खिडकीले कूलर लावून समोरचं दार उघडं ठेवायचं, नाई तं खोलीचा दमट भात होते. जाळीतलं गवत दर उन्हाळ्यात बदलायचं. कूलरले जे पाणी लागते ते बोअरचं खारं चालते, पण जाळीवर मीठ चढते, अन् आठ दिवसांनी वाऱ्याले समुद्राचा वास येते. "समुद्र नाई ना आमच्याकडं," मी म्हटलं, "एवढाच."

गल्लीचं मात्र मले शिकवता आलं नाई. खालच्या काकूले, घरमालकाच्या बायकोले, मृगाची गोष्ट कुठून तरी समजली होती. दादाच्या लग्नात कोणीतरी सांगतली असन. मंग काय, सगळ्या गल्लीले समजली. रोज सकाळी वयनी रांगोळी काढाले खाली गेली का काकू गॅलरीतून विचारे, "काहून वो, अजून आहेच का?"

"आहे की."

"मार्चच आहे अजून. एप्रिल पाहा. मंग मे पाहा." अन् बाजूवालीले, वयनीले ऐकू जाईन असं, "माझ्या भावाची बायको बी पुण्याची होती. पहिल्याच उन्हाळ्यात उडाली."

वयनी वर येऊन मले म्हणाली, "उडायला मी काय चिमणी हाय?" पण तिचा चेहरा उतरला होता. मी लगेच काकूचा आवाज काढला, हातवाऱ्यासकट, अन् ती हसली. माझ्याजवळ एवढंच औषध होतं. ते लागू पडत होतं, म्हणून मी दुसरं काई शोधलं नाई.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचा घोळणा फुटला. दुपारी मी जेवाले आलो तं ती मोरीजवळ बसेल, नाकातून रक्त, पदर लाल. मी डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, कांदा फोडून हुंगवला. अठी लेकरांचं हे दर उन्हाळ्याले होते, त्यात घाबरण्यासारखं नाई, असं मी तिले सांगतलं. तिनं नाक धरून ठेवलं अन् म्हणाली, "ह्यांना सांगू नका."

"काहून?"

"ते लगेच राजीनामा लिहायला बसतील."

मी नाई सांगतलं. ही एक गोष्ट मी पोटात ठेवली. ठेवता येत होती मले, हे ध्यानात घ्या.

अन् खरं सांगतो, तिले जमून राहिलं होतं. एप्रिलच्या अखेरीले टँकरवाल्यानं अर्धीच टाकी भरून पाइप गुंडाळाले सुरुवात केली. दादा गच्चीवरून पाहून राहिला होता, काई बोलला नाई, दादा कोणालेच काई बोलत नाई. वयनी खाली उतरली. कमरेले पदर खोचून म्हणे, "काहून बे भाऊ, अर्धीच व्हय? बाकीची काय तुझ्या घरी नेतोस?"

अर्धं वाक्य अकोल्याचं, अर्धं सांगलीचं. टँकरवाला पाह्यतच राह्यला. त्यानं गुमान पाइप परत टाकीत सोडला. दादा गच्चीवर एकटाच हसून राहिला होता. त्याले तसं हसताना मी लहानपणानंतर पाह्यलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं मले विचारलं, "मृगाले किती दिवस आहे?" मी मोजून सांगतले. तो म्हणे, "होईन. उन्हाळा निघून जाईन."

आता ती दुपार.

मे लागला होता. मी नेहमीपेक्षा लवकर, एक वाजता आलो, कारण उन्हानं दुकानातलं कॉम्प्युटर बंद पडलं होतं. दार लोटेल होतं. ताट झाकून ठेवेल होतं. मी हात धुऊन जेवाले बसलो. गच्चीच्या जिन्यात सावली राह्यते अन् मोबाईलची रेंज बी तठीच येते, वयनी तठी बसून तिच्या आईशी बोलून राहिली होती. मधात नुसती एक भिंत. तिले मी आल्याचं माहीत नव्हतं.

मी ताट वाजवाले पाहिजे होतं. खोकलाले पाहिजे होतं. एक तांब्या जोरात ठेवला असता तरी काम झालं असतं. मी घास हातात धरून ऐकत बसलो. माझ्या कानाची खोड अशी का एकदा आत गेलं का ते पूर्णच राह्यते, श्वासासकट.

नऊ-दहा मिनिटं ती बोलली. मंग मी दाराआत ठेवेल चपला हातात घेऊन, जेवण अर्धं ठेवून, दार हळूच लोटून बाहेर गेलो, अन् पाच मिनिटांनी खाकरत परत आलो. ती खाली येऊन म्हणाली, "आज उशीर झाला का भाऊजी? हे काय, ताट कुणी उघडलं?"

मी म्हटलं, "मांजर असन."

मे महिन्याच्या मधात अमरावतीले मावसबहिणीचा साखरपुडा होता. दादाजवळ तपासाले पेपरांचा गठ्ठा, अन् वयनीचा घोळणा परत फुटला होता, दादाले तिनं डोकं दुखते एवढंच सांगतलं, तं ते दोघं नाई आले. मी एकटाच गेलो. कार्यालयात चार मोठे कूलर लावेल होते, जेवणं झाली होती, बायका सतरंजीवर पाय पसरून बसल्या होत्या, अन् पोट्ट्यायनं सुरू केलं, "अबे, होऊन जाऊ दे! कंडक्टर काढ, कंडक्टर!"

मी कंडक्टर काढला. बडनेरा, मूर्तिजापूर, पुढं सरका, मावशी थैली मांडीवर घ्या. लोक हसले, पण ते हसणं ओळखीचं होतं, दर लग्नात हसतात तसं. हेडमास्तर काढला. निम्मे हसले. माझा नागपूरचा मावसभाऊ मोबाईल पाहून राहिला होता. त्यानं वर बी न पाहता म्हटलं, "नवीन काई नाई का बे? तेच तेच."

तुमी जर कधी चार लोकांसमोर उभे राह्यले असान तं तुमाले समजन हे वाक्य कुठं लागते.

मावशी म्हणाली, "तुझ्या नव्या वयनीचं काढ ना. सांगलीची ना ते? कशी बोलते?"

मी पहिले साधंच काढलं. "भाऊजी, जेवायला बसताय न्हवं?" लोक हसले. मावसभावानं मोबाईल खाली केला. मंग टँकरवाला काढला. अजून हसले. मंग मले समजलं का माझ्याजवळ याहून बी मोठं आहे, अन् मी सतरंजीवर मांडी घालून बसलो, हात कानाले लावला, जिन्यात बसतात तसा जरा तिरपा झालो.

"आई, हितं समदी तोंड बांधून फिरत्यात गं. काल बाजारात एक बाई माझ्याशी धा मिनिटं बोलली. कोण होती ते मला अजून कळालं नाही."

हशा. माझ्या मायचा आवाज आला, "बस झालं रे आता." मी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

"पाणी मिठासारखं लागतंय. चहाबी खारट. परवा ह्यांना म्हणलं साखर जास्त घाला, तर म्हणाले, साखर नाही गं, ते पाणीच तसं हाय."

टाळी. मी नाक ओढलं, म्हणजे वयनी रडून राहिली असं. 

"मी रोज आंघोळ करतानाच रडून घेते बघ. म्हणजे तोंड दोनदा धुवाय लागत नाही. पाणी वाचतंय."

या वाक्यावर अख्खा हॉल उलटला. मावशी डोळे पुसून राहिली होती हसून हसून. कूलरजवळचे म्हातारे बी हसले. मावसभाऊ पोट धरून खाली पडला, पण मोबाईल त्यानं सरळच धरेल होता. माय उठून आत निघून गेली. मी पाह्यलं ती गेली ते. मले वाटलं, वाढण्याचं काई काम असन.

मी मनात म्हटलं, घरची तं गोष्ट आहे, घरच्याच माणसांत राह्यली.

मावसभावानं ते त्या रात्रीच स्टेटसले ठेवलं. दादाच्या लग्नात दोन्हीकडच्या पोट्ट्यायनं एकमेकांचे नंबर घेतले होते. वयनीची धाकटी बहीण त्याच्या यादीत होती. तिनं पाह्यलं, आईले दाखवलं. त्या फोनवर पलीकडं ज्या बाईनं हे सगळं खरंखरं ऐकलं होतं, तिनं तेच माझ्या तोंडून परत ऐकलं, अन् वरतून शंभर लोकांचं हसणं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याले पोचलो. मले काई माहीत नव्हतं. त्या दिवशी नळ आले होते. वयनीनं पिण्याचं भरलं होतं, टाकी भरली होती, कूलर भरला होता, घरातली सगळी भांडी काठोकाठ भरून झाकून ठेवली होती. मी चपला घरात घेऊन ठेवल्या, म्हटलं, "वयनी, लय गरम बावा अमरावती!"

तिनं ताट वाढलं. म्हणाली, "जेवून घ्या."

मी जेवून राहिलो होतो तवा तिनं मोबाईल माझ्या ताटाजवळ ठेवला अन् व्हिडिओ चालू केला. स्वतः आत जाऊन बसली. मी तो बंद नाई केला. माझे हात खरकटे होते. पूर्ण तीन मिनिटं माझाच आवाज त्या खोलीत चालला, म्हणजे तिचाच. त्या हशाजवळ मले पहिल्यांदा ऐकू आलं का मायनं "बस झालं" दोनदा म्हटलं होतं.

मी दाराशी जाऊन म्हटलं, "वयनी, चुकलं माझं."

आतून आवाज आला, "भात घ्या अजून."

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. यावेळी त्यांनी पाणी मागतलं नाई. दादाले काईच माहीत नव्हतं, कारण तो स्टेटस-बिटस पाहत नाई, अन् वयनीनं त्याले सांगतलं नव्हतं. वडिलांनी त्याले समोर बसवून दाखवलं. मी कूलरच्या बाजूले उभा. दादा पाह्यत राह्यला. संपल्यावर त्यानं विचारलं, "हे कवाचं आहे?"

"साखरपुड्याचं," मी म्हटलं.

"ते नाई. हा फोन कवाचा आहे?"

मंग वयनीचे वडील म्हणे, "जावईबापू, माझं तुमच्याशी भांडण नाही. उन्हाशी तर नाहीच नाही. तीन आठवडं राहिलेत मृगाला, माझी पोरगी ते उभ्या उभ्या काढंल. पण आईजवळ बोलायची जागा नाही राहिली तिला ह्या घरात. मग राहायचं कुठं?"

दादानं "जाऊ नको" म्हटलं नाई. त्यानं जबरदस्ती करायची नाई असं कबूल केलं होतं, अन् दादा शब्दाचा पक्का. त्या दिवशी तरी तो शब्द मोडाले पाहिजे होता.

स्टेशनवर बॅग मीच उचलली. दादा तिकिटाच्या खिडकीजवळ थांबला होता, विनाकारण, तिकीट तं काढेल होतं. घरून आमी निघालो तवा काकू गॅलरीतून पाहून राहिली होती. तिनं यावेळी काई विचारलं नाई. गाडी यायले दहा मिनिटं होती, तिचे वडील डबा कुठं लागते ते पाहाले पुढं गेले होते. फलाटाचा लोखंडी बाक बसाले जमत नाई एवढा तापेल, म्हणून आमी उभेच.

वयनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही माझा आवाज चांगला काढता."

मी खाली पाह्यलं.

"एक चुकलं फक्त. तुम्ही नाक ओढलं ना, तसं मी करत नाही. मी आवाज न करता रडते. केला असता तर तुमच्या कानाला कधीच कळालं असतं."

गाडी आली. तिनं बॅगचा पट्टा माझ्या हातातून सोडवून घेतला. दादा धावत आला, खिडकीशी उभा राह्यला. मी लांब गेलो, कारण आता ते काय बोलतात ते मले ऐकायचं नव्हतं.

मृग लागला. गल्लीतले लोक गच्चीवरचे कूलर झाकाले लागले. तिचा फोन दादाले येत नव्हता, दादाचा ती उचलत होती, पण दोन मिनिटांच्या वर बोलणं जात नव्हतं. जूनच्या शेवटी दादा सांगलीले गेला. जाताना त्यानं राजीनामा लिहून खिशात ठेवला होता, मी पाह्यला. मले वाटलं चला, नोकरी गेली तं गेली, घर राह्यलं. मी मनातल्या मनात तठी जाऊन माफी मागण्याचे चार प्रकार तयार करून ठेवले होते.

दोन दिवसांनी तो परत आला. एकटाच. कागद खिशातच होता. दुपार होती, मी जेवाले आलो होतो. त्यानं हातपाय धुतले, पंख्याखाली बसला अन् म्हणाला, "ती म्हणते नोकरी सोडू नका."

मी म्हटलं, "मंग येते का?"

"नाई. ती म्हणते, तुम्ही कुठं बी घर करा. लग्नकार्य येतील, तुमची माणसं येतील, ते हसले होते ना, तेच लोक येतील. मी त्यायच्या समोर ताट घेऊन जाऊ शकत नाई." त्यानं खिशातला कागद चाचपला. "तिचे वडील वकिलाकडं जाऊन आले."

मी पाणी आणून दिलं. त्यानं ते पेलं नाई, बाजूले ठेवलं.

मंग म्हणाला, "काढ तिचा आवाज."

"दादा..."

"काढ. तो फोन. शंभर लोकांसमोर काढला ना? मले ऐकव. मले तिनं यातलं एक अक्षर कधी सांगतलं नाई. मी रोज संध्याकाळी विचारो, कसं वाटते? ती म्हणे, बरं वाटते. मले पूर्ण ऐकायचं आहे. नाटक नको करू, जसा ऐकला तसा."

मी त्याच्यासमोर खाली बसलो. हात कानाले लावला नाई. डोळे खाली ठेवून मी पहिल्यापासून सुरू केलं. तोंड बांधेल बाई, चहा, पाणी. आंघोळीजवळ आलो तवा दादानं उठून पंखा बंद केला. नाक मी ओढलं नाई. त्या दिवशी हॉलमध्ये मी तिथंच संपवलं होतं. आता पुढचं म्हणालो.

"नको गं, बाबांना पाठवू नको. हे लई चांगले हायत. रातच्याला उठून माझ्या उशाची चादर ओली करून परत घालतात, त्यांना वाटतं मी झोपलीया. मला कळतंय गं सगळं. ह्यांच्यासाठी मी काढीन हा उन्हाळा. हा काय, दर साल काढीन. फक्त तुला फोन करून जरा बोलू दे. एवढं बोललं की मला दोन दिवस पुरतंय. हां. ठेवते. भाऊजी येतील जेवायला."

संपलं. दादा भिंतीकडं पाहून राहिला होता, जिन्याच्या बाजूच्या भिंतीकडं. मंग त्यानं हळू आवाजात विचारलं, "हे त्या दिवशी काहून नाई म्हटलं?"

मी म्हटलं, "त्यात हसण्यासारखं काई नव्हतं."